मोसम खोऱ्यातील गाळ व डोंगरमाती : बागलाणच्या इतिहासाचे एक उपेक्षित साधन

बागलाणचा लिखित इतिहास हा मुख्यतः किल्ल्यांचा व राजकुलांचा इतिहास आहे. मुल्हेरच्या दरबारी रुद्रकवीने १५९६ मध्ये 'राष्ट्रौढवंश महाकाव्य' रचले आणि त्यातून बागुल राजांची वंशकथा अभ्यासकांच्या हाती आली. १६३८ मध्ये हा प्रांत मोगलांच्या ताब्यात गेला; १६७२ मध्ये साल्हेरच्या परिसरात मराठे व मोगल यांची मोठी लढाई झाली. या सर्व वृत्तांतांत डोंगर, दरी, नदी व घाट यांचे उल्लेख जागोजाग येतात. परंतु ते रंगमंचावरील पडद्यांसारखे येतात. ही भूमी आज जशी आहे तशीच ती त्या काळीही होती, असे इतिहासकार न बोलता धरून चालतो. तीन-चारशे वर्षांच्या घटनांविषयी लिहिताना हे गृहीत फारसे बाधत नाही. चार हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याविषयी लिहिताना ते बाधू लागते. आणि दगडी हत्यारे वापरणाऱ्या माणसाचा विचार सुरू झाला की ते साफ टाकून द्यावे लागते. कारण त्या माणसाने पाहिलेली नदी आजची नव्हती आणि तिचे काठही आजचे नव्हते.

नामपूर हे सटाणा तालुक्यातील बाजाराचे गाव मोसम नदीच्या काठी वसले आहे. मोसम पश्चिमेस सह्याद्रीच्या साल्हेर-मुल्हेर भागात उगम पावते, ताहराबाद व जायखेडा यांवरून नामपुरास येते आणि पुढे मालेगावपाशी गिरणेस मिळते. गिरणा खानदेशातून तापीला जाते. या खोऱ्याच्या उत्तरेस सेलबारीची व दक्षिणेस डोलबारीची रांग आहे. मांगी-तुंगी व न्हावीगड सेलबारीवर, तर साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा व हरगड डोलबारीवर, ही दुर्गप्रेमींना परिचित असलेली विभागणी येथे वेगळ्या कारणासाठी लक्षात ठेवावयाची आहे. समुद्रसपाटीपासून १,५६७ मीटर उंचीचे साल्हेर आणि मोसमचा सपाट तळ यांत उंचीची तफावत फार मोठी आहे, अंतर मात्र थोडे आहे. पाऊसही तसाच उतरत जातो : घाटमाथ्याजवळ तो भरपूर पडतो, नामपुरापर्यंत येता येता तुटपुंजा होतो. म्हणजे या नदीला पाणी मिळते पर्जन्यबहुल डोंगरातून, आणि तिला गाळ वाहून न्यावा लागतो अवर्षणप्रवण मैदानातून. पावसात थोडा फरक पडला तरी अशा नदीचे वर्तन पुष्कळ बदलते, आणि त्या बदलाची नोंद काठच्या मातीत राहते.

ही नोंद दोन ठिकाणी असते व ती दोन तऱ्हांनी लिहिली जाते. डोंगराच्या कड्यावरून सुटलेला दगड, घळीतून वाहून आलेला मुरूम आणि पावसाच्या पाण्याने पसरलेली बारीक माती ही सर्व प्रथम पायथ्याशी साचतात. या मातीत दगडांचे कोपरे तीक्ष्ण राहतात, लहानमोठे तुकडे एकमेकांत मिसळलेले असतात, थर उताराच्या दिशेने कललेले असतात, आणि प्रवास थोडा झालेला असल्यामुळे ती फार तर आपल्या माथ्यावरच्या टेकडीविषयीच बोलते. नदीचा गाळ याउलट साऱ्या खोऱ्याचा गोषवारा असतो. त्यातील गोटे गोल झालेले, आकारमानाने निवडले गेलेले आणि प्रवाहाच्या दिशेने एकावर एक रेललेले सापडतात. त्यावर वाळू, वाळूवर पोयटा. परंतु गोषवारा करणारा कारकून जसा पुष्कळ कागद फाडून टाकतो तशीच नदीही स्वतःची मागील नोंद वारंवार कापून नेते. डोंगरउताराची माती स्थानिक परंतु सलग असते, नदीची व्यापक परंतु तुटक. खोऱ्याचा इतिहास लिहावयाचा तर ही दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून वाचावी लागतात. महाराष्ट्रात दुर्दैवाने नदीकाठच्या थरांकडे जेवढे लक्ष गेले तेवढे पायथ्याच्या मातीकडे गेलेले नाही.

दख्खनच्या पठारावर या वाचनात एक मोठी अडचण आहे. नर्मदेच्या खोऱ्यात एखादा गोटा वालुकाश्माचा की ग्रॅनाइटचा यावरून तो कोठून आला हे सांगता येते. बागलाणात डोंगर बेसाल्टचा, गोटा बेसाल्टचा, वाळू बेसाल्टची आणि मातीही बेसाल्ट कुजून झालेली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांतून हा सारा मुलूख कोरला गेला आहे. तेव्हा खडकाच्या जातीवरून गाळाचे कूळ शोधण्याचा सरळ मार्ग येथे बहुधा बंद होतो. किरकोळ खुणा मात्र उरतात. लाव्हाच्या दोन थरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्या, पोकळ्यांतील अकीक व गारगोटीचे खडे, आणि तापी-गिरणेच्या दरम्यान भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या कठीण शिलाभित्तींचे तुकडे हे गाळात सापडल्यास थोडाफार मागोवा लागतो. याहून उपयोगी खूण चुनखड्यांची आहे. कोरड्या हवामानात मातीतील चुना पाण्याबरोबर खाली उतरून गाठींच्या रूपाने जमतो. शेतकऱ्याला हे चुनखडे चांगले ठाऊक असतात. असा चुनखडा जागच्या जागी वेडावाकडा राहिलेला असेल, तर त्या ठिकाणी जमिनीचा पृष्ठभाग दीर्घकाळ स्थिर होता असे समजावे. तोच गोल घासला जाऊन नदीच्या दगडगोट्यांच्या थरात आढळला, तर त्याआधीचा कोणता तरी जुना गाळ नदीने कापला, हे त्यावरून सिद्ध होते. दख्खनच्या नद्यांच्या गोट्यांत असे घासलेले चुनखडे विपुल सापडतात. ती साधी वस्तू दोन कालखंडांची साक्ष एकाच वेळी देते : एक चुना साठण्याचा, दुसरा तो उखडला जाण्याचा.

अशा साक्षींचे वाचन या प्रदेशात कसे वाढत गेले, हा स्वतंत्र इतिहास आहे. १८६० नंतरच्या दशकात भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील वाइन यांना पैठणजवळ मुंगी येथे गोदावरीच्या अस्थियुक्त गाळात अकीकाची एक छिलका-हत्यार म्हणता येईल अशी चीप सापडली. नामशेष प्राण्यांच्या हाडांबरोबर मानवी हातची वस्तू सापडणे ही त्या काळी युरोपातही वादाची गोष्ट होती. येथे तिची फारशी दखल घेतली गेली नाही. १९०५ मध्ये पिल्ग्रिम यांनी गोदावरीच्या गाळातील प्राचीन हत्तीच्या अवशेषांचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु गाळ, हाडे व हत्यारे यांचा एकत्रित विचार करण्याची पद्धत नाशिकच्या परिसरात रुजविली ती डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया यांनी. नाशिकजवळ गंगापूर येथे गोदावरीच्या काठी दगडगोट्यांच्या थरांतून त्यांना पुराश्मयुगीन हत्यारे मिळाली, आणि १९५२ मध्ये गोदावरीच्या पुराश्मयुगीन हत्यारांवरील त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रात आदिमानव नव्हताच, हा तोपर्यंतचा सर्वसाधारण समज त्यानंतर टिकू शकला नाही. तो समज मुळात हत्यारांच्या अभावावर नव्हे तर शोधाच्या अभावावर उभा होता, हे येथे मुद्दाम नमूद करणे योग्य होईल. कारण लहान खोऱ्यांच्या बाबतीत तीच चूक पुढेही होत राहिली.

त्या पिढीच्या अभ्यासकांनी काठावरील थरांचा जो अर्थ लावला तो मात्र पुढे टिकला नाही. १९४९ मध्ये लंडनचे झॉयनर भारतात आले आणि गुजरातेतील नद्यांच्या गाळावरून प्राचीन हवामानाचा क्रम लावण्याचा त्यांनी प्रयत्न केला. युरोपातील हिमयुगांच्या चौकटीला समांतर अशी एक चौकट भारतात बसविण्याची आकांक्षा त्या सर्व लेखनामागे होती. स्थूलमानाने विचार असा : मोठे दगडगोटे वाहून नेण्यास जोरदार प्रवाह हवा, म्हणून गोट्यांचा थर म्हणजे पर्जन्यबहुल काळ; बारीक पोयटा मंद प्रवाहात बसतो, म्हणून पोयट्याचा थर म्हणजे कोरडा काळ. गोटे-पोयटा, गोटे-पोयटा अशी आवर्तने मोजली की हवामानाची आवर्तने मोजून होतात. ही रीत सोपी व मोहक होती, आणि वीस-पंचवीस वर्षे महाराष्ट्रातील नद्यांची कपारे याच रीतीने वाचली गेली.

तीतील दोष हळूहळू उघड झाला. गोट्यांचा थर हा नदीच्या पात्राचा थर असतो आणि पोयटा पुराच्या वेळी काठावर बसतो. एकाच वर्षी, एकाच पावसाळ्यात नदी पात्रात गोटे व काठावर पोयटा टाकते. पात्र सरकले की गोट्यांवर पोयटा चढतो. हवामानात काडीचाही बदल न होता ही जोडी तयार होऊ शकते. महत्त्वाचा प्रश्न वेगळाच होता : नदी आपला तळ भरून काढीत होती की खणीत होती? आणि येथे उत्तर सामान्य अपेक्षेच्या उलट निघाले. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू यांनी मुळा-मुठा, घोड, प्रवरा आदी नद्यांच्या काठी दीर्घकाळ काम केले. विश्वास काळे यांच्यासह त्यांनी १९८७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात वायव्य दख्खनच्या नद्यांच्या गाळाचा किरणोत्सारी कार्बनवर आधारलेला कालक्रम मांडला. त्यावरून असे दिसले की, अखेरच्या हिमयुगाच्या उत्तरार्धात, म्हणजे मोसमी पाऊस क्षीण असताना, या नद्यांनी आपली खोरी गाळाने भरली. आणि सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीपासून पाऊस बळावल्यावर त्यांनी तोच गाळ कापून पात्रे खोल केली.

याची कारणमीमांसा डोंगरउतारावर सापडते. पाऊस कमी झाला की उतारावरील वृक्षाच्छादन विरळ होते, माती उघडी पडते, आणि वर्षातून काही थोड्याच परंतु जोरदार सरींनी ती पायथ्याकडे व नदीकडे ढकलली जाते. नदीत मात्र तो भार समुद्राकडे नेण्याइतके पाणी नसते. भार वाढला व वाहक दुबळा झाला, की खोरे भरते. पाऊस वाढला म्हणजे उतार हिरवा होतो, माती मुळांनी धरली जाते, नदीला भार कमी मिळतो व पाणी अधिक. मग ती स्वतःच्याच जुन्या ठेवीवर हात टाकते. नदीकाठच्या उंच कपाराचा अर्थ असा डोंगराच्या पायथ्याशी जाऊन लागतो. जे अभ्यासक केवळ पात्रात उतरून थर मोजीत राहिले त्यांना हा अर्थ दिसला नाही, यात नवल नाही.

हे विवेचन मोसमच्या खोऱ्यास लावताना एक मर्यादा पाळावी लागते. राजगुरू व काळे यांचा कालक्रम मुख्यतः भीमा व गोदावरी यांच्या वरच्या खोऱ्यांतून आला. मोसम गिरणेमार्फत तापीची आहे. तापीचे खोरे भ्रंशांनी सीमित झालेले असून त्यात काही ठिकाणी तीनशे मीटरांहून अधिक जाडीचा गाळ साठला आहे. तेथे जमीन खचण्याचा व उचलली जाण्याचा वाटा हवामानाच्या जोडीला धरावाच लागतो, आणि तापीच्या पात्राची पातळी खाली गेल्यास त्याचा परिणाम गिरणेच्या वाटेने वरपर्यंत चढू शकतो. तो नामपुरापर्यंत पोचला की वाटेतील एखाद्या कठीण कातळाच्या धावेवर अडला, हे मोसमच्या पात्राचा उतार टप्प्याटप्प्याने मोजून ठरविता येण्यासारखे आहे. हवामानामुळे झालेले खनन साऱ्या खोऱ्यात जवळपास एकाच वेळी सुरू होते. पातळीच्या फरकामुळे होणारे खनन खालून वर सरकत जाते. म्हणून मालेगाव, नामपूर व ताहराबाद येथील कपारांचे वय स्वतंत्रपणे काढले, तर दोहोंपैकी कोणते कारण प्रबळ होते हे त्या वयांच्या क्रमावरूनच कळेल.

वय काढणे हे मात्र दिसते तितके सरळ नाही. दख्खनच्या गाळातील बरीच कार्बनवये नदीच्या शिंपल्यांवरून आली आहेत. शिंपला पाण्यातील जुना चुना शोषतो, आणि म्हणून तो असतो त्याहून वयस्क भासू शकतो. वाळूच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजण्याची जी पद्धत पुढे प्रचारात आली, तिला गारेचे म्हणजे क्वार्ट्झचे कण लागतात, आणि बेसाल्टच्या मुलुखात नेमके तेच दुर्मिळ असतात. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेचे उदाहरण या बाबतीत फार बोलके आहे. तिच्याखाली व सान्निध्यात पुराश्मयुगीन हत्यारे असल्यामुळे राखेचे वय म्हणजे हत्यारांचे वय ठरणार होते. प्रथम ते सुमारे चौदा लाख वर्षे निघाले, मग सुमारे पावणेसात लाख. आणि राखेची रासायनिक घडण तपासणाऱ्यांनी ती सुमात्रातील तोबाच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाची म्हणून ओळखली. या तीन आकड्यांत तडजोड शक्य नाही. वादाचे एक मूळ पुन्हा गाळाच्या स्वरूपातच आहे : राख आकाशातून पडली तेथेच राहिली, की उतारावरून व ओघळांतून वाहून येऊन पात्राच्या खोलगट भागात दुसऱ्यांदा साठली? दुसरे खरे असेल तर तिच्यात जुने कण मिसळले असण्याचा संभव राहतो, आणि प्रयोगशाळेचा आकडा कितीही अचूक असला तरी तो कशाचे वय सांगतो हे शेतात उभे राहूनच ठरवावे लागते.

या पार्श्वभूमीवर ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांकडे पाहिले असता त्यांच्या जागा नव्याने अर्थपूर्ण वाटू लागतात. गिरणेकाठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ येथे म. न. देशपांडे यांनी १९५२-५३ मध्ये उत्खनन केले. समोरच्या तीरावर टेकवाडे येथे त्या काळची दफने मिळाली. तापी-गोमईच्या संगमावरील प्रकाशे येथे ब. कृ. थापर यांनी उत्खनन केले. सेलबारीच्या पलीकडे, साक्री तालुक्यातील कावठे येथे मधुकर ढवळीकर, वसंत शिंदे व शुभांगना अत्रे यांना सावळदा संस्कृतीची विस्तीर्ण परंतु पातळ थराची वस्ती आढळली. तिचा अहवाल १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. गोदावरी-प्रवरेच्या बाजूस जोर्वे, नेवासे, दायमाबाद या जागा सर्वपरिचित आहेत. अशा वस्त्या सामान्यतः नदीच्या उंच काठावर, जुन्या गाळाच्या माथ्यावर बसलेल्या दिसतात. चार हजार वर्षांपूर्वी नदी त्याच गाळाच्या पातळीवरून वाहत असती, तर दर पावसाळ्यात पुराखाली जाणाऱ्या जागी कोणी घरे बांधली नसती. म्हणजे त्यांच्या येण्यापूर्वीच पात्रे खोल गेलेली होती. वस्तीची जागा हीच येथे नदीच्या खननाची उत्तर-मर्यादा ठरविते, आणि तीही प्रयोगशाळेच्या आकड्याशिवाय.

मराठी मुलखातील जुन्या महसुली भाषेत गावाचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग मानीत. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वसण्याची. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती व चुना यांनी गावठाणाची जमीन पांढुरकी होते, आणि गाव उठून गेले तरी ते पांढरीचे टेकाड शेतात उठून दिसते. पुरातत्त्वज्ञांनी खानदेशात व नाशिक जिल्ह्यात कित्येक जागा या एका शब्दाच्या आधाराने शोधल्या. परंतु पांढरी दिसते ती काळीच्या वर असली तर. ती काळीच्या खाली गेली असेल तर? नेवाशासारख्या ठिकाणी ताम्रपाषाणयुगाच्या शेवटच्या थरावर काळ्या मातीचा थर चढलेला आणि त्यावर ऐतिहासिक काळाची वस्ती बसलेली आढळली. हा काळा थर जागच्या जागी मुरत मुरत तयार झाला असे मानले तर वस्ती अनेक शतके ओसाड होती असा निष्कर्ष निघतो. तो आसपासच्या उतारावरून धुऊन आला असे मानले तर त्याला थोडी वर्षेही पुरतील. जोर्वे संस्कृतीचा ऱ्हास इसवीसनापूर्वी सुमारे १००० नंतर वाढत्या कोरडेपणामुळे झाला, हे ढवळीकरांचे मत महाराष्ट्राच्या इतिहासलेखनात सर्वत्र पोचले आहे. ते चुकीचे ठरविण्याचे कारण नाही; परंतु त्याच्या पुष्ट्यर्थ ओसाडीच्या काळ्या थराचा दाखला द्यावयाचा असेल, तर तो थर मुरलेला आहे की वाहून आलेला आहे, याचा निर्णय आधी व्हावयास हवा.

काळ्या मातीच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. ती उन्हाळ्यात हातभर रुंद वाटाव्यात अशा भेगांनी फाटते व पावसाळ्यात फुगून मिटते. वरची खापरे भेगांतून खाली जातात, खालचे चुनखडे वर येतात. शेतकरी म्हणतो की ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. तेव्हा काळ्या मातीत अमुक खोलीवर सापडलेले एकटे खापर हा त्या खोलीचा पुरावा धरता येत नाही. पायथ्याच्या मुरमाड मातीत हा दोष नाही, हे तिचे आणखी एक महत्त्व.

यावरून मोसम खोऱ्याविषयी एक निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी. सह्याद्रीच्या पायथ्यापासून नामपुरापर्यंतच्या पट्ट्यात गिरणा किंवा प्रवरा यांच्या तोडीची प्राचीन स्थळे नोंदली गेली नाहीत, यावरून तेथे वस्तीच नव्हती असे ठरविणे अप्रशस्त होय. दोन्ही बाजूंना जवळ उभ्या असलेल्या डोंगररांगांमुळे अरुंद खोऱ्यात पायथ्याची माती नदीच्या गाळावर चढत येते. तिच्याखाली गेलेली वस्ती नांगराच्या फाळाला लागत नाही, पांढरीचे टेकाड म्हणून दिसत नाही, आणि गावोगाव फिरून खापरे गोळा करणाऱ्या संशोधकाच्या पिशवीत येत नाही. रुंद खोऱ्यांतील उघड्या काठांवर स्थळे अधिक सापडतात याचा काही अंश तेथे माणसे अधिक होती हा असेल; काही अंश तेथे जमीन उघडी राहिली हाही असला पाहिजे.

नदीने खोल केलेल्या पात्राचा संबंध ऐतिहासिक काळातील शेतीशी कसा पोचतो हे पाहावयाचे तर फड पद्धतीकडे वळावे लागते. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवर बंधारे घालून पाटाने शेते भिजविण्याची ही सामुदायिक व्यवस्था तीनशे-चारशे वर्षांची मानली जाते. बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या क्षेत्रास थळ म्हणत; थळाचे फड पाडून प्रत्येक फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे, पुढील वर्षी पिकांची फिरवाफिरव करावयाची, आणि पाण्याची राखण पाटकरी, जागल्या, हवालदार यांनी करावयाची, असा तिचा साधारण नियम. समाजशास्त्रज्ञांनी व जलनियोजनाच्या अभ्यासकांनी या पद्धतीवर सहकाराचा नमुना म्हणून पुष्कळ लिहिले आहे. तिची भूरूपीय बाजू मात्र दुर्लक्षित राहिली.

शेत जुन्या गाळाच्या माथ्यावर व पाणी कपाराच्या तळाशी, ही अडचण नदीच्या प्राचीन खननाने निर्माण केली. त्याच खननाने उपायही दिला. तळ कापता कापता नदी ठिकठिकाणी कातळापर्यंत पोचली, आणि पात्र ओलांडून जाणारी अशी कातळाची धाव हीच बुटक्या दगडी बंधाऱ्यास पक्का पाया झाली. वाळूच्या पात्रात तेवढाच बंधारा पहिल्या मोठ्या पुरात गेला असता. बंधाऱ्यापासून निघालेला पाट नदीपेक्षा मंद उताराने नेला म्हणजे काही अंतरावर तो काठच्या शेताच्या पातळीस येतो. ते अंतर नदीच्या उतारावर व कपाराच्या उंचीवर अवलंबून. तेव्हा कोणत्या गावास थळ मिळाले व कोणते कोरडवाहू राहिले, याचा निवाडा गावच्या पाटलाने किंवा मुल्हेरच्या राजाने करण्यापूर्वीच बराचसा झालेला होता. डोंगराळ वरच्या भागात गाळाची पट्टी फार अरुंद, खाली मालेगावाकडे उतार फार मंद. मधला पट्टा या रचनेस अनुकूल. बंधाऱ्यांच्या जागांचा, पात्रातील कातळांचा व जुन्या गाळाच्या मर्यादेचा एकत्र नकाशा काढला, तर हे अनुमान तपासून पाहता येईल.

बंधाऱ्यांनी पुढे स्वतःचाही गाळ निर्माण केला. त्यांच्या मागे वाळू व गोटे अडले, आणि पावसाळ्यातील गढूळ पाणी पाटाने फडात जाऊन पोयट्याचा पातळ थर दरसाल अंथरीत राहिले. अशा ठिकाणी वरचे दोन-चार हात माती ही नदीची ठेव की माणसाची, हा प्रश्न केवळ शाब्दिक नाही. ऐतिहासिक काळातील गाळाची वाढ दिसली की ती अवर्षणाची खूण म्हणून वाचण्याचा मोह होतो. मोसमच्या काठी ती एखाद्या बंधाऱ्याची खूण असू शकते.

डोंगरउताराच्या अलीकडील इतिहासासाठी बागलाणात एक साधन असे आहे की ज्याचा उपयोग महाराष्ट्रात फारसा झालेला नाही. ते म्हणजे किल्ल्यांवरील तलाव. मुल्हेरवरील मोती तलाव, साल्हेरवरील गंगासागर यांसारखी जलाशये डोंगराच्या माथ्यावर आहेत. त्यांत कोणतीही नदी येत नाही. जे साचते ते त्या माथ्याचेच धुपलेले माती-कण, वाऱ्याने आलेले परागकण आणि वणव्याची व चुलींची काजळी. किल्ला नांदता असताना तळ उपसला जात असे, म्हणून त्या काळाची नोंद तुटक मिळेल. किल्ला ओस पडल्यानंतरची मात्र सलग मिळण्याचा संभव आहे. डोंगर केव्हा उघडे पडले, ब्रिटिश अमदानीच्या आधी की नंतर, हा वाद कागदपत्रांच्या आधारे पुष्कळ दिवस चालला आहे. त्या कागदपत्रांत वनखात्याने शेतकऱ्याला व शेतकऱ्याने वनखात्याला दोष दिलेला आढळतो. तलावातील काजळीचा व परागांचा थर कोणाचाही पक्ष घेणार नाही.

ही साधने मात्र कायम राहणारी नाहीत. मोसमवर मुल्हेरजवळ हरणबारी धरण झाल्यापासून वरच्या खोऱ्यातील गाळ जलाशयात अडतो आणि खालच्या पात्रात नवा भार कमी येतो. वाळूच्या उपशाने पात्राचा तळ खाली जातो व त्याबरोबर कपारे कोसळतात. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना हाती घेतली. तलावांतील गाळ काढून शेतांवर पसरण्यात शेतकऱ्याचा लाभ उघड आहे आणि त्यास कोणी हरकत घेऊ नये. तथापि त्या गाळाबरोबर तलावाच्या तळाची खापरे, शिंपले व वयनिश्चितीस उपयुक्त असा सारा ऐवज थरांचा क्रम मोडून दुसऱ्याच शिवारात जातो. पुढील संशोधकास एखाद्या बरड जमिनीवर नदीचे शिंपले सापडतील आणि तो तेथे प्राचीन प्रवाह शोधीत बसेल.

विहिरींच्या बाबतीत स्थिती थोडी निराळी आहे. कांद्याच्या व भाजीपाल्याच्या शेतीसाठी या भागात विहिरी खोदल्या जातात, आणि प्रत्येक विहीर खोदली जात असताना काही दिवस एक उत्तम उभा छेद उघडा असतो. वरची काळी, तिच्याखालील पिवळी चुनखडी माती, गोटे असल्यास गोटे, मग मुरूम व शेवटी पाषाण, हा क्रम खोदणाऱ्या मजुरास तोंडपाठ असतो. कोणत्या शिवारात गोटे किती हातांवर लागतात हेही तो सांगतो. डोलबारीच्या पायथ्यापासून मोसमच्या पात्रापर्यंत एका सरळ रेषेत येणाऱ्या दहा-बारा विहिरींतील थरांची खोली नोंदली, तर पायथ्याची तीक्ष्ण कोपऱ्यांची माती कोठे संपते, नदीचे गोल गोटे कोठे सुरू होतात, आणि मधल्या पट्ट्यात कोण कोणाच्या वर आहे, हे नकाशावर मांडता येईल. त्यासाठी फीत, वही आणि बांधकामाचा दगड बसण्यापूर्वी तेथे पोचण्याची तत्परता एवढेच लागते.